उपास आणि शेजारी

यवतमाळ जिल्ह्यात लेंट येतो तेव्हा रानात पळस फुललेला असतो. फरदडीच्या कपाशीवर शेवटची बोंडे उरलेली असतात, हरभऱ्याची सोंगणी उरकत आलेली असते, विहिरी तळ दाखवू लागतात आणि पीककर्जाच्या हिशेबाचा 31 मार्च तोंडावर येतो. एप्रिल लागता लागता पारा चाळिशीला टेकतो. ख्रिस्ती वर्षातला सर्वांत गंभीर काळ आमच्याकडे नेमका या दिवसांत पडतो. काही घरांत तेव्हा धान्याच्या कोठीचाही तळ दिसू लागलेला असतो. अशा घराला ‘उपास धरा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? हा प्रश्न बाजूला सारून लेंटवर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पुढच्या पानांतली चाळीस मनने याच प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून तो सुरुवातीलाच मांडतो आहे.

आधी काळाची ओळख करून घेऊ. राखेच्या बुधवारी लेंट सुरू होतो आणि पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवशी संपतो. दिवस मोजले तर 46 भरतात. त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. प्रत्येक रविवार प्रभूच्या उठण्याचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपास धरत नाहीत. एवढे ध्यानात घेतले तरी लेंटविषयीचा निम्मा गैरसमज दूर होतो. ज्या काळाच्या मधोमध दर आठवड्याला सणाचा दिवस येतो, तो सुतकाचा काळ कसा असेल?

कॅथलिक घरांत त्या बुधवारी कपाळाला राख लागते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळ्या वाळवून, जाळून ती केलेली असते. मग दर शुक्रवारी मांस वर्ज्य आणि संध्याकाळी चौदा स्थानांची क्रूसाची वाट. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राखेची चाल सहसा नाही. तिथे कुणाच्या तरी घरी संध्याकाळची उपासना असते. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, कामावरून थेट आलेल्या बायका, गीतांची पुस्तके दोघीतिघींत मिळून एक, आणि पाळकांचा संदेश संपायच्या आत मांडीवर झोपी गेलेली मुले. शेवटच्या आठवड्यात रोज रात्री दुःखसहनाची वाचने होतात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, भर उन्हात, प्रभूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर सात संदेश होतात. त्या तीन तासांत मंडळीत जी शांतता असते, ती वर्षात दुसऱ्या कुठल्याही उपासनेत मला आढळली नाही.

हे सगळे कशासाठी चालते, याचे उत्तर शोधताना फार मागे जावे लागते. इ. स. 325 च्या निकेया परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. त्या काळी हे दिवस विशेषतः बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांचे असत. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री त्यांचा बाप्तिस्मा होई. त्याआधीचे आठवडे शिक्षण, प्रार्थना आणि उपास यांत जात. त्याहूनही जुन्या ‘दिदाखे’ या ग्रंथात बाप्तिस्मा घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही आधी एक-दोन दिवस उपास धरावा असे सांगितले आहे. यातली देणाऱ्यानेही उपास धरण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवा माणूस वाट चालत असताना जुन्यांनी काठावर उभे राहून पाहायचे नाही. पुढे सगळी मंडळीच या दीक्षार्थींच्या सोबतीने उपास करू लागली आणि तोच आपला लेंट झाला. त्याचा मूळ हेतू सोबतीचा आहे. आपण बाप्तिस्मा घेतला तेव्हा कशाला ‘नाही’ म्हटले आणि कोणाला ‘हो’ म्हटले, ते दरवर्षी नव्याने आठवायचे आणि नव्याने येणाऱ्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून चालायचे.

विदर्भातल्या वाचकाला हे समजावताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण येणे साहजिक आहे. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणे झाले, त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, अशी हकीगत चरित्रकार देतात. ते गृहस्थ फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होते, असे अभ्यासक मानतात. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळात त्यांनी काय सोसले आणि नंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. नवरा-बायकोची ताटातूट झाली, नातेवाईक तुटले, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडले. टिळकांचा लेंट पंचांगात नव्हता, तो आयुष्यातच घडला. आपल्यापैकी बहुतेकांना विश्वास वारशाने मिळाला आहे. वारशाने मिळालेल्याची किंमत कळावी म्हणून निदान चाळीस दिवस तरी दीक्षार्थीच्या जागी उभे राहावे, हा या काळाचा पहिला अर्थ.

वॉर्ड ज्या मिशनचे, तेच मिशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात यवतमाळात आले. जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी होते. यवतमाळ हे नाव 1905 मध्ये पडले. फ्री मेथडिस्ट मंडळीची स्थापना अमेरिकेत 1860 मध्ये झाली. गुलामगिरीला विरोध, आणि देवळात पैसे भरून राखून ठेवलेल्या बाकांना विरोध, या तिच्या सुरुवातीच्या ठळक भूमिका होत्या. श्रीमंताला पुढचे बाक आणि गरिबाला मागची भिंत, हे त्यांना मान्य नव्हते. यवतमाळच्या अनेक जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचा विश्वास या परंपरेत वाढला आहे आणि या परंपरेत लेंट हा मोठा सण कधीच नव्हता. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1784 मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी उपासनेचे पुस्तक तयार केले, तेव्हा बरेचसे सणवार निरुपयोगी म्हणून गाळले. लेंटही गेला. पण वर्षातले सगळे शुक्रवार त्यांनी उपासाचे म्हणून ठेवले. स्वतः वेस्ली ऑक्सफर्डच्या दिवसांत आरंभीच्या मंडळीच्या रीतीने बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत. इतरांना उपासाचा उपदेश करीन आणि स्वतः तो पाळून दाखवीन, हे मेथडिस्ट उपदेशकाला दीक्षेच्या वेळी आजही कबूल करावे लागते.

त्यामुळे ‘आपल्यात लेंट नसतो’ असे म्हणणारे वडीलधारे भेटतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात तथ्य असते. नियमाने लादलेल्या उपासाविषयीची प्रॉटेस्टंट शंका जुनी आहे. 1522 मध्ये झुरिक शहरात एका छापखानेवाल्याच्या घरी लेंटच्या दिवसांत सॉसेज कापून खाल्ले गेले. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि तिथले धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी खाणाऱ्यांच्या बाजूने प्रवचन दिले. माणसाने काय खावे यावर त्याचे तारण अवलंबून नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण ज्यांनी नियम मोडला ते लोक शुभवर्तमानासाठी तुरुंगात जायलाही तयार होते, हे आपण विसरतो. त्यांचे स्वातंत्र्य आपण घेतले आणि त्यांची शिस्त तिथेच सोडून दिली. वेस्लींनी सण गाळले, उपास गाळला नाही. त्यांच्या वारसांनी याचा विचार करायला हवा.

यवतमाळला या बाबतीत एक वेगळे भाग्य लाभले. 1953 मध्ये इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 मध्ये ती पुण्याला गेली. त्या तीस वर्षांत भारताच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी आपापल्या रीती घेऊन या गावात आले. केरळातल्या सिरियन परंपरेत पन्नास दिवसांचा मोठा उपास असतो. त्यात मांस-मासळीबरोबर दूध-तूपही वर्ज्य. ईशान्येकडच्या डोंगराळ भागातल्या मंडळ्यांना राखेचा बुधवार फारसा माहीत नाही, पण मिझोराममध्ये ‘बुहफाई थाम’ ही रीत 1910 च्या सुमारापासून चालू आहे. प्रत्येक वेळी स्वयंपाक करताना घरची बाई तांदळातली एक मूठ वेगळी काढून ठेवते. साठलेला तांदूळ मंडळी गोळा करते, विकते आणि त्या पैशांतून सेवाकार्य चालते. गरिबातल्या गरीब घरालाही मूठभर काढता येते. या मुठीचा लेंटशी औपचारिक संबंध नाही, तरी लेंटचा अर्थ तिच्याइतका स्पष्ट करणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

ते का, हे सांगण्यासाठी आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे यायला हवे. भूक दोन प्रकारची असते. एक वाट्याला येते, दुसरी आपण होऊन धरलेली असते. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडाने पहिल्या प्रकारची भूक पाहिली. त्याआधी 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा पंडिता रमाबाई तिथे जाऊन निराधार मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. ‘मुक्ती’ या त्यांच्या संस्थेचा विस्तार त्यातून झाला. त्या भुकेत पवित्र असे काही नव्हते. आजही कर्जाच्या काळजीने एखादा कास्तकार रात्री ताटावरून उठतो, त्याला कोणी उपास म्हणू नये. वाट्याला आलेल्या भुकेला उपासाचे नाव देणे आणि लादलेल्या दुःखाला क्रूस म्हणून गौरवणे, या दोन चुका ख्रिस्ती प्रवचनांतून वारंवार झाल्या आहेत. ज्या बाईचा नवरा कर्जापायी गेला, तिला ‘हा तुझा क्रूस आहे, शांतपणे वाहा’ असे सांगणे मी पाप समजतो. प्रभूने क्रूस आपण होऊन घेतला आणि ज्यांनी तो दिला त्यांनी अन्याय केला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, स्वतः शेतात राबणारी बाई, सारस्वतांच्या व्यासपीठावरून बोलली आणि सगळ्या महाराष्ट्राने ऐकले. पुढच्या वर्षीचे संमेलन उस्मानाबादला झाले. त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ज्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. या दोन घटनांत ओढूनताणून नाते जोडायचे नाही. पण विधवेचे बोलणे आधी आणि पवित्र शास्त्राचे वाचन त्यानंतर, हा क्रम लेंट पाळणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो आणि तू पाहत नाहीस. त्यावर संदेष्टा देवाच्या वतीने खडसावतो: उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळता. देवाला हवा असलेला उपास म्हणजे जू मोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, उघड्याला वस्त्र देणे. बैलाच्या मानेवरचे जू ज्यांनी रोज पाहिले आहे, त्यांना या अध्यायावर भाष्य लागत नाही.

आरंभीच्या मंडळीने हा अध्याय अगदी व्यवहारात उतरवला होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपासाची रीत दिली आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. उपासाचा हिशेब असा पैशापर्यंत मांडलेला आहे. चौथ्या शतकातले कैसरियाचे संत बासिल उपासावर बोलताना विचारत की मांस सोडून भावाला खात असाल तर काय मिळवले? 368-69 च्या सुमारास त्यांच्या भागात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी श्रीमंतांच्या कोठ्या उघडायला लावल्या आणि भुकेल्यांना जेवू घातले. उपासाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यांना असा मिळाला होता. आपल्या काळात 1958 मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी ‘मिझेरिओर’ ही संस्था उभी केली, ती लेंटमध्ये वाचवलेल्या पैशांतून गरीब देशांत काम करण्यासाठी. भारतात कॅरिटास दरवर्षी लेंटमध्येच भूक आणि रोगाविरुद्धची मोहीम चालवते. म्हणजे हर्मासचा हिशेब अजून चालू आहे.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: ज्याच्या कोठीत धान्य आहे त्याने उपास धरावा, आणि ज्याच्या कोठीत नाही त्याच्यासाठी धरावा. दानाशिवाय धरलेला उपास म्हणजे नुसती काटकसर. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या भाषेने उगाच जपलेली नाही. शुक्रवारी मटण नाही म्हणून तळलेल्या मासळीवर ताव मारणारे आणि राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्रीच पुढच्या चाळीस दिवसांचे खाऊन घेणारे आपल्यातही आहेत.

दारूचा विषय मला इथे टाळता येत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आणि विदर्भातल्याच गडचिरोलीत दारूबंदी आहे. आपल्या जिल्ह्यात ती व्हावी म्हणून गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. आपल्या मंडळ्यांतले काही पुरुष लेंटपुरती दारू सोडतात आणि पुनरुत्थानाच्या संध्याकाळी पुन्हा सुरू करतात. घरच्या बायका ते चाळीस दिवस सुखाचे म्हणून मोजतात. सोडणे चांगलेच आहे, पण ज्या घराला चाळीस दिवस शांत झोप मिळाली, त्याला एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा भीतीत ढकलणे हा कुठल्या पुनरुत्थानाचा सण? या पुस्तकातली तिसऱ्या आठवड्याची मनने या पुरुषांना समोर ठेवून लिहिली आहेत. त्यांच्या बायकांनी ती मोठ्याने वाचून दाखवावीत.

आता आतल्या बाजूविषयी. येशू बाप्तिस्मा घेऊन थेट अरण्यात गेला आणि चाळीस दिवस उपाशी राहिला. मोशे डोंगरावर चाळीस दिवस होता, एलीया होरेबकडे चाळीस दिवस चालला. ती परंपरा त्याच्या मागे होती. भूक लागली तेव्हा सैतानाने पहिले सुचवले ते धोंड्यांच्या भाकरी करण्याचे. यात वाईट काय आहे, असे वाटू शकते. पुढे हजारोंना भाकरी त्यानेच तर दिल्या! फरक एवढाच की अरण्यात भाकर फक्त स्वतःसाठी होती. पोट रिकामे असताना माणूस खरा कसा आहे ते वर येते. एक वेळचे जेवण सोडून पाहा. दुपारी चारच्या सुमाराला राग कुठून येतो, कोणावर निघतो आणि तो बहुधा घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर का निघतो, हे ध्यानात येईल. ते ध्यानात आले की त्याविषयी प्रार्थना करता येते. एरवी आपल्या प्रार्थनेत स्वतःच्या दोषांचा उल्लेख असतो, पण ओळख नसते. उपास ती ओळख करून देतो, आणि म्हणून मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी पाठोपाठ बोलतो आणि तिन्ही गुप्तपणे करायला सांगतो. त्याच अध्यायात शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ऋणमुक्ती मागतो. मार्चअखेरीच्या दिवसांत ती मागताना आपल्याकडून उसने घेतलेल्या मजुराचे नाव मनात यावे.

आपले शेजारी उपासाला परके नाहीत, हीसुद्धा मोठी मदत आहे. महाशिवरात्र याच दिवसांत येते. 2025 मध्ये रमजान 2 मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार 5 मार्चला होता. एकाच गल्लीत रोजा आणि लेंट बरोबर चालले. जैन कुटुंबांतले कडक उपास आपण पाहिलेले आहेत. यांच्याहून आम्ही किती वेगळे, हे सांगण्यात शक्ती घालवू नये. पाणी न पिता दिवसभर दुकान चालवणाऱ्या मुस्लीम शेजाऱ्याकडे पाहून आपल्या शुक्रवारच्या अर्ध्या उपासाला थोडे बळ येत असेल, तर ते घ्यावे आणि त्याचे आभार मानावेत.

शेवटी पाळण्याविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी. कॅथलिक नियमाप्रमाणे उपासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच असते, आणि आजारी माणसाला ते नसते. इतर मंडळ्यांनीही हे शहाणपण उचलावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, लहान मुलांनी उपास धरू नये. उन्हात रोजीने जाणाऱ्याने तर मुळीच धरू नये, आणि पाणी कोणीही सोडू नये. ज्यांनी उपास धरायचा नाही त्यांच्यासाठी मूठ आहे. स्वयंपाकाला बसताना ज्वारीची, तांदळाची किंवा तुरीच्या डाळीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. शक्य तिथे दोन-तीन घरांनी मिळून एकच डबा ठेवावा आणि संध्याकाळी एकत्र बसून त्या दिवसाचे पान वाचावे. वाचायला लहान मुलगा-मुलगी बसवली तर उत्तम. वाक्ये त्यासाठी मुद्दाम छोटी ठेवली आहेत. रविवारची पाने कोरी आहेत. डबा कोणाला द्यायचा, हे झावळ्यांच्या रविवारच्या आत ठरवावे. त्या घराचे नाव मंडळीत पुकारू नये, आणि धान्य देताना फोटो काढू नये.